डच मास्तरांची पेन्शन आणि यमुनाबायची सही

आमच्या सेक्टरच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई यंदाही माझ्याकडे अनारशांची कृती मागायला आल्या. माझे अनारसे गेली कित्येक वर्षं कढईत विरघळतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी म्हटलं, "कृती नाही, पण नोकरीतली एक हकीकत देते." त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "चालेल की. बँकेतच होतात ना तुम्ही?"

बँकेत मी कधीच नव्हते. पण नवीन पनवेलला राहायला आल्यापासून शेजाऱ्यांची ती समजूत मी मोडली नाही, कारण माझं खरं काम समजावून सांगेपर्यंत समोरच्याचा चहा निवायचा.

आता मात्र सांगणं भाग आहे. टोरांटोला असलेल्या माझ्या नातीने, ईराने, गेल्या महिन्यात फोन करून विचारलं, "आजी, प्रायव्हेट इक्विटीचा पैसा एका देशात जातो आणि दुसऱ्या देशात जात नाही, असं का? मला परवा प्रेझेंटेशन द्यायचंय." तिने स्वतःचे मुद्दे वाचून दाखवले: देशाची वाढ, कर, कायदे, शेअर बाजार, चलन. सगळे बरोबर होते. मी छान म्हणून फोन ठेवला आणि मग दिवसभर चुटपुट लागून राहिली. तिचा धाकटा भाऊ नील तर मी बँकेत होते असं मानूनच मोठा झालाय. म्हणून हे त्या दोघांसाठी. ईराला मराठी वाचता येतं. नीलने आईकडून वाचून घ्यावं, आणि आईने मधले परिच्छेद गाळू नयेत.

मी मुंबईतल्या एका फंडात कंपनी सेक्रेटरी होते. फंडाचं काम असं. दुसऱ्यांचे पैसे गोळा करायचे आणि शेअर बाजारात न आलेल्या कंपन्यांत घालायचे. भागीदार म्हणून पाच-सात वर्षं त्या कंपन्यांच्या डोक्यावर बसायचं. कंपनी मोठी झाली की आपला हिस्सा चढ्या भावाने विकून बाहेर पडायचं, आणि नफ्यातला आपला वाटा ठेवून बाकीचे पैसे ज्यांचे त्यांना परत करायचे. थोडक्यात, घटस्फोटाचा मुहूर्त काढूनच बोहल्यावर चढायचं.

पैसे यायचे कुठून? बहुतेक परदेशी पेन्शन फंडांकडून. काही देशांत शिक्षक, नर्स, बसचालक यांच्या पगारातून पेन्शनसाठी दर महिन्याला रक्कम कापतात. वर्षानुवर्षं साठून तिचा एवढा डोंगर होतो की तो नुसता ठेवून परवडत नाही, आणि त्यातला थोडा भाग जोखमीच्या धंद्यात घालायला तिथला कायदा परवानगी देतो. बचत आपल्याकडेही होती, पण ती सोन्यात, फिक्स डिपॉझिटमध्ये आणि गावच्या जमिनीत. त्यामुळे पनवेलच्या माणसाला धंदा वाढवायचा तर भांडवल ॲम्स्टरडॅमहून आणायचं, असा द्राविडी प्राणायाम होता.

आणि हे परदेशी लोक यायचे कधी? त्यांच्या देशात व्याजदर खाली गेले की त्यांना आपली संस्कृती फार आवडायला लागायची. व्याजदर वर गेले की आपल्या कोर्टांतल्या तारखांची काळजी वाटायला लागायची. कोर्टं तीच, तारखा त्याच. रुपया घसरला तर आणखी पंचाईत. इथे केलेला नफा विमानाने तिकडे पोचेपर्यंत वाटेतच विरून जायचा, आणि तो दोष जणू माझाच असल्यासारखे ते माझ्याकडे बघायचे.

प्रत्येक पाहुण्याची भीती वेगळी. एक अमेरिकन गृहस्थ खुर्चीवर बसायच्या आधी विचारायचे, "बाहेर कसं पडणार?" त्यांना बाहेर पडायच्या वाटा दाखवल्या, म्हणजे इथला शेअर बाजार आणि संभाव्य खरेदीदार, की मगच ते चहाला हात लावायचे. एक जपानी सद्गृहस्थ तीनदा आले आणि तिन्ही वेळा तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून गेले. उत्तरं जुळतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी प्रत्येक बैठकीचं टिपण तारीखवार फायलीत लावत असे, त्यामुळे उत्तरं शब्दशः जुळली. तिसऱ्या वेळी त्यांनी मला वाकून नमस्कार केला. आखातातल्या एका धनाढ्य घराण्याचे म्हातारे काका आले होते, त्यांनी ताळेबंद उघडलाच नाही. ज्या कंपनीत पैसे घालायचे होते तिच्या मालकांबद्दल एवढंच विचारलं, "हे दोघे भाऊ अजून एकत्र जेवतात का?" आम्ही हो म्हटलं. ते खोटं होतं, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. काकांना बहुधा तेव्हाच कळलं होतं, कारण ते पुन्हा आले नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते मारिकेबाईंचं.

आमच्या पहिल्या फंडातले पैसे बहुतेक घालून झाले होते आणि दुसऱ्या फंडासाठी आमचा साहेब, समीर, जगभर हिंडत होता. समीर माझ्याहून बराच लहान, चटपटीत. त्याच्या इंग्रजीत पूर्णविराम नसायचे. नेदरलँड्समधल्या शिक्षकांच्या एका पेन्शन फंडाने होकार दिला असता तर बाकीचे मागोमाग आले असते. या धंद्यात पहिला मोठा माणूस घास घेईपर्यंत सगळी पंगत पानाकडे बघत बसते. त्या फंडाने मारिकेबाईंना पाठवलं. पन्नाशीच्या, उंच, सपाट बुटांच्या. त्यांची मागणी एकच होती: "झालेल्या गुंतवणुकी नकोत, त्या तुम्ही सजवून दाखवाल. होत असलेली एखादी दाखवा."

होत असलेली एकच होती, आणि ती दुसऱ्या फंडाच्या पैशांतूनच व्हायची होती. पळस्प्याजवळचं काशीनाथशेठचं शीतगृह.

काशीनाथशेठचे वडील मिठागरात राबले. शेठने आधी बर्फाचा कारखाना काढला, मग मासळीचं शीतगृह, आणि आता त्याला औषधं आणि आइस्क्रीम ठेवायला नवीन चेंबर्स बांधायचे होते. जागा महामार्गाला लागून, गोव्याकडे वळणारा प्रत्येक ट्रक दारावरून जाणारा. समीरने ते काम माझ्यावर टाकलं. "मॅम, तुम्ही तिकडच्याच ना." पनवेल आणि पळस्पे हे एकाच सोसायटीचे दोन जिने आहेत अशी त्याची कल्पना होती.

शेठ माणूस दिलदार. पहिल्याच भेटीनंतर त्याने माझ्या घरी एक जिताडा पाठवला. आमच्या या भागात ज्याच्याकडे काम असतं त्याच्याकडे हा मासा पाठवतात. बाहेरच्यांनी एवढंच समजावं की त्यापुढे पापलेट म्हणजे आजाऱ्याचं जेवण. पण आमच्या फंडात भेटवस्तूंची नोंदवही होती आणि ती माझ्याच ताब्यात होती. मी नोंद केली, 'जिताडा, नग एक, परत पाठवला.' तुमचे आजोबा तेव्हा होते. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या व्यवहारात अडचण एकच होती. जमीन वडिलांच्या नावावरची. ते गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली, काशीनाथ आणि त्याची मोठी बहीण यमुना. ती विचुंब्याला दिलेली. जमीन कंपनीच्या नावावर निर्वेध झाल्याशिवाय परदेशी पैसा आत येणार नव्हता. शेठने हात झटकले. "टेन्शन नका घेऊ मॅडम. बाय हक्क सोडनार. तारीख पन ठरलीय."

रीतच तशी आहे. बहिणीने माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावाने तिला जेवायला घालून साडी द्यायची. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात आणि त्यात 'प्रेमापोटी, विनामोबदला' असं लिहितात. मारिकेबाईंच्या फंडाने आधीच एक लांबलचक प्रश्नावली पाठवली होती. तिच्यात प्रश्न होता: 'जमिनीवर इतर कोणाचा हक्क आहे का?' मी उत्तर लिहिलं, 'नाही'. उत्तर लिहिलं शुक्रवारी आणि सही होणार होती पुढच्या मंगळवारी.

पोरांनो, ही माझी चूक. ऑफिसात कोणी उद्याची तारीख आज घातली तर मी कागद परत पाठवत असे. पण बहीण सही करणार नाही, असं माझ्या मनातच आलं नाही. वकिलाच्या आलं नाही, समीरच्या आलं नाही. जे होणारच आहे ते झालं असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं.

शेठने एका दिवसात दोन्ही कामं उरकायची ठरवली. पाहुण्याबाईंना मंगळवारीच जेवायला बोलावलं. जेवण एक वाजता, रजिस्ट्रार ऑफिसची वेळ तीनची.

गाडीत मारिकेबाईंनी फाइल उघडली. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर मीच जोडलं होतं.

"ही यमुना कोण?" त्यांनी विचारलं. "इथे नाव आहे, तुमच्या उत्तरात नाही."

समीरला एकदम फोन आला. फोन वाजल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

"शेठची बहीण," मी म्हटलं. "ती आज हक्क सोडणार आहे."

"केवढ्याला?"

"त्याला किंमत नसते."

"मग ती का सोडते?"

मी शिकले इंग्रजीतून, नोकरी केली इंग्रजीतून. पण पळस्पे फाटा येईपर्यंत मला त्या प्रश्नाचं इंग्रजी उत्तर सुचलं नाही. मारिकेबाईंनी फाइल मिटली आणि शांतपणे म्हणाल्या, "आमचे शिक्षक तुमच्याकडे लहान भागीदार असतील. लहान भागीदाराला इथे कसं वागवतात, एवढंच मी बघायला आले आहे."

या एका जेवणावर आमचा सगळा दुसरा फंड टांगलेला होता, आणि त्या फंडावर ऑफिसातल्या सगळ्यांच्या नोकऱ्या. माझीही.

यमुनाबाय आमच्या पाठोपाठ रिक्षाने आली. साठीची, काटक, हातात भावासाठी आणलेली सुकटीची पिशवी. दिवाणावर तिची साडी मांडून ठेवली होती, भरजरी, दुकानाच्या डब्यासकट. तिने साडीकडे पाहिलं, जरीवरून एकदा बोट फिरवलं आणि पिशवी वहिनीच्या हातात दिली.

पानं मांडली तेव्हा समीरने मारिकेबाईंसाठी शेठशेजारची खुर्ची ओढली. मी त्या खुर्चीत माझी पर्स ठेवली आणि मारिकेबाईंना यमुनाबायच्या बाजूला घेऊन गेले. दुभाषी मीच होते, तेव्हा मधली जागा माझी. हे मी का केलं, असं समीरने नंतर अनेकदा विचारलं. मी सांगत असे की तिकडे पंख्याचं वारं चांगलं येत होतं.

शेठने सुरुवात केली. "मॅडम, सांगा त्यांना, माजी बहीण खुशीनं सही करतेय."

मी मारिकेबाईंना सांगितलं, "ते म्हणताहेत, मी तुम्हाला असं सांगावं की त्यांची बहीण खुशीने सही करते आहे."

मारिकेबाईंनी हातातला काटा खाली ठेवला. "आणि ती काय म्हणते?"

मी यमुनाबायला विचारलं.

"मना कोनी इचारलंच नाय," ती म्हणाली. रागाने नाही. आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं, तसं.

"अगो बाय, इचारलं ना," शेठ म्हणाला. "फोन केलता की."

"तारीक इचारलीस. सोडतेस का, ते कुटं इचारलंस?"

"वन्सं, जेवा आधी," शेठची बायको म्हणाली. "जिताडा थंड व्हतोय."

मी हे सगळं भाषांतर करून सांगितलं, जिताड्यासकट. समीर पलीकडून डोळ्यांनी खुणा करत होता. मला दूरचं दिसत नाही, असं मी त्याला नंतर सांगितलं.

यमुनाबायने भाकरी मोडली आणि मारिकेबाईंकडे हनुवटीने खूण केली. "या बाय कनाला आल्यात?"

"त्यांच्या देशातल्या शाळामास्तरांचे पैसे काशीनाथशेठच्या कंपनीत घालायचे का, ते बघायला."

"मास्तरांचे? आन मंग मास्तरांना काय भेटंल?"

"कंपनीत हिस्सा."

"आन उद्या काशानं सगलं इकलं तं?"

मला या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. व्यवस्थापनाची पदवी घेतलेली मुलं मुलाखतीत हा प्रश्न विचारत नाहीत. मी सांगितलं, "त्यासाठी लेखी अट असते. मोठा भागीदार विकायला निघाला की लहान भागीदारालाही त्याच दिवशी, त्याच भावाने आपला हिस्सा विकता येतो. मोठ्याने चांगला भाव घेऊन निघून जायचं आणि लहान मागे अडकायचा, असं होत नाही."

यमुनाबायने घास गिळला.

"या बायचं आन काशाचं नातं काय?"

"काहीच नाही."

"नातं नाय, तरी तिला लेखी," ती म्हणाली. "माजं नातं हाय, तं मना साडी."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला की आणखी कशाला, ते दिसलं नाही. शेठचे कान लाल झाले. मारिकेबाई माझ्याकडे बघत राहिल्या होत्या, म्हणून मी भाषांतर केलं, आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग यमुनाबाय माझ्याकडे वळली. "बाई, तुमी मोठ्या शिकलेल्या. तुमी तुमचे माहेरच्या जमिनीचं काय केलंत?"

हे मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. माझ्या माहेरी अलिबागच्या बाजूला सुपारीची बाग होती. वडील गेले त्या वर्षी माझ्या भावाने मला बोलावलं. मी गेले, जेवले, आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. मी, जी दुसऱ्यांची कागदपत्रं स्वल्पविरामांसकट तपासण्याचा पगार घेत होते, तिने तो कागद वाचलासुद्धा नाही. वाचणं वाईट दिसलं असतं. ती बाग पुढे एका रिसॉर्टवाल्याने घेतली. तुम्ही सुट्टीत येता तेव्हा आपण तिथे का जात नाही, असं नीलने एकदा विचारलं होतं. तेव्हा मी रस्ता खराब आहे असं सांगितलं. रस्ता चांगला आहे.

"सही केली," मी यमुनाबायला म्हटलं. "न वाचता."

"शिकलेल्या ना तुमी?"

"हो."

मारिकेबाईंनी विचारलं की काय चाललंय. मी तेही इंग्रजीत सांगितलं. आता मागे काय ठेवायचं होतं? त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या गाई होत्या, मोठा गोठा होता. तो सगळा भावाला गेला. तो एकटाच तो चालवू शकतो, असं ठरलं. मला आजीचा चिनी मातीचा सेट मिळाला. कपाटभर. मी तो एकदाही वापरलेला नाही."

मी यमुनाबायला सांगितलं, "यांना भांडी मिळाली."

यमुनाबायने मारिकेबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग माजी साडी बरी. नेसता तरी येते."

हे भाषांतर करताना मला हसू आवरेना. मारिकेबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि आतून वहिनी पाणी घेऊन आली ती हसतच. पलीकडे शेठ आणि समीर मात्र जिताड्यातले काटे अगदी काळजीपूर्वक काढत बसले होते.

पावणेतीन वाजले. शेठ उठला. "चल बाय. तीनची येल हाय."

यमुनाबायने हात धुतले, पुसले. "सही मी करनार हाय," ती म्हणाली. शेठने सुस्कारा सोडला. "पन या कागदावर नाय."

तिचं म्हणणं तिने उभ्यानेच सांगितलं. जमीन कंपनीला द्यायला तिची हरकत नव्हती. पण तिच्या वाट्याच्या जमिनीबद्दल तिला कंपनीत हिस्सा हवा होता, आणि डच मास्तरांना जी अट, तीच तिला. लेखी. "आन मराठीत," ती म्हणाली.

"लोकं काय बोलतीन, बाय?" शेठचा आवाज चढला. "भयीन भावाकडं हिस्सा मागते?"

"तू साळंत जायचास तवा मिठागरात बापासंगं पाट्या मी व्हाल्या, काशा. तवा लोकं काय बोलली, ते आटवतं तुना?"

शेठ तरातरा बाहेर गेला. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. यमुनाबायने साडीचा डबा वहिनीच्या हातात दिला, "तू नेस," म्हणाली, आणि रिक्षा बघायला चालू लागली. तीन वाजून गेले.

मारिकेबाईंनी प्रश्नावलीचं ते पान काढून माझ्यापुढे ठेवलं आणि वर पेन ठेवलं. मी 'नाही' खोडलं, 'आहे' लिहिलं, सही केली आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली.

"अशी आणखी किती 'नाही' आहेत?" त्यांनी विचारलं.

"मला पुन्हा वाचावं लागेल," मी म्हटलं. परतीच्या वाटेवर समीर एकदाच बोलला. "मॅम, फंड गेला." पुढचे दोन आठवडे मी सगळी प्रश्नावली पहिल्यापासून वाचली. आणखी दोन निघाली. तीही खोडली आणि कळवली.

तीन आठवडे शेठचा फोन नव्हता. मग एका सकाळी आला. "मॅडम, कागद करा. बाय बोलते तसे."

"काय झालं?"

"घरात कोनी धड बोलत नाय माज्याशी," तो म्हणाला. "आमची ही पन बायच्या बाजूनं गेली. हिच्या माहेरी बी जमीन हाय ना."

कागद मी विचुंब्याला जाऊन यमुनाबायच्या ओटीवर बसून मराठीत वाचून दाखवले. एका कलमाशी ती थांबली. बहुसंख्य भागीदारांनी कंपनी विकायची ठरवली तर लहान भागीदारांनाही विकावीच लागेल, असं ते कलम होतं. आमच्या धंद्यात त्याला ओढून नेण्याचा हक्क म्हणतात, आणि खरेदीदाराला सगळी कंपनी एकगठ्ठा मिळावी म्हणून ते असतं.

"आन मी नाय बोल्ले तं?"

"तरी विकावं लागेल."

"मंग ते काढा."

समीरने खूप आदळआपट केली. ते कलम सगळीकडे असतं, जगभर असतं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "जगभर यमुनाबाय नाहीत." यमुनाबायपुरतं ते काढावंच लागलं, कारण तिच्या सहीशिवाय जमीन नव्हती आणि जमिनीशिवाय शीतगृह नव्हतं.

मारिकेबाईंच्या फंडाने होकार दिला. मागितले होते त्यापेक्षा कमी दिले, पण दिले, आणि पंगत जेवायला लागली. त्यांनी आपल्या अहवालात काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. समीर मात्र पुढे कित्येक वर्षं परिषदांमधून 'लहान भागीदारांच्या संरक्षणाची आमची पद्धत' यावर बोलत असे. पडद्यावर एक त्रिकोण असायचा, तिन्ही टोकांना बाण. मी मागच्या रांगेत बसून त्या त्रिकोणात यमुनाबायला शोधत असे.

ईरा, तुझे मुद्दे खरे आहेत. वाढ दिसली की पैसा येतो, कर पाहून वाट बदलतो, चलन पाहून दचकतो. पण आलेला पैसा पुन्हा येतो का, ते फार साध्या गोष्टीवर ठरताना मी पाहिलं. ज्याच्याकडे थोडंच आहे, त्याचं ऐकून घेतात का? कायद्याच्या पुस्तकात याचं उत्तर सगळ्याच देशांत छान लिहिलेलं असतं. मारिकेबाईंच्या देशातही ते होतंच, आणि त्यांना भांडी मिळाली.

शेठने नवीन चेंबर्स बांधले आणि धंदा वाढला. यमुनाबाय दर वर्षी कंपनीच्या सभेला यायची, शेवटच्या खुर्चीत बसायची, चहा घ्यायची आणि जायची. भावाबहिणीचं बोलणं आधी सभेपुरतं होतं, मग सणापुरतं झालं, मग पहिल्यासारखं. पाच-सात वर्षांचा मुहूर्त लांबत लांबत गेला आणि शेवटी गेल्या वर्षी आमच्या फंडाची बाहेर पडायची वेळ आली. सिंगापूरच्या एका मोठ्या कंपनीला सगळं विकत घ्यायचं होतं. मी निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, पण समीरचा फोन आला. "मॅम, यमुनाबाय म्हणतात, ती चष्मेवाली बाई वाचेल तरच ऐकणार."

सही करून घ्यायला सगळे विचुंब्याला आले. सिंगापूरचे दोन वकील, केस पिकलेला समीर, काशीनाथशेठ. चपलांना ओटीखाली जागा पुरेना. शेठने आपला सगळा हिस्सा विकल्याची सही आदल्याच दिवशी करून टाकली होती. यमुनाबाय आता ऐंशीकडे झुकली आहे. मी पान पान वाचलं, ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. ती झोपली असं धाकट्या वकिलाला वाटलं. मी मुद्दाम एक ओळ गाळली, तर तिने डोळे न उघडता हात वर केला. त्यानंतर तो वकील ताठ बसला.

दुपार कलली तेव्हा वाचून संपलं. भाव सगळ्यांना सारखाच होता. समीरने पेन पुढे केलं.

"अर्दे," यमुनाबाय म्हणाली.

"म्हणजे?"

"अर्दे इकते. अर्दे ऱ्हाऊ दे."

वकिलांची आपसात कुजबुज झाली. थोरल्याने मला विचारायला लावलं की त्यांना भाव कमी वाटतोय का.

"भाव बरा हाय," ती म्हणाली.

"मग अर्धे कशाला ठेवायचे?"

तिने दारातल्या त्या सगळ्या चपलांकडे पाहिलं. "सगले इकले, तं फुडच्या टायमाला मना इचारायला कोन येनार?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. काशीनाथशेठ गुडघ्यावर हात टेकून हळूच बहिणीकडे सरकला.

"बाय," तो म्हणाला, "ह्ये मना काल सांगाचं ना."